फूस कशी लावतात, ते मुलांना बघू द्या

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई



मी एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या वर्गांना शिकवते. वर्गातली मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे. तुम्ही प्रमाणपत्र देताना ज्या प्रेक्षकाची सर्वांत जास्त काळजी करता, तो हाच.

आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी वरचेवर असते. ‘अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवले.’ खाली चार ओळी. मुलीचं वय, इसमाचं वय, पोलीस ठाण्याचं नाव, तपास सुरू. ‘फूस लावून’ हे दोन शब्द इतके सवयीचे झालेत की त्यांच्या आत काय काय घडलं असेल, हे आपण स्वतःला विचारत नाही. त्या दोन शब्दांत कित्येक महिने असतात. कुणीतरी रोज विचारपूस केलेली असते, लाड केलेले असतात, मैत्रिणींबद्दल हळूच कान भरलेले असतात, ‘घरी सांगू नकोस’ असं समजावलेलं असतं. बातमीत यातलं काहीच मावत नाही. सिनेमात मावतं. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

‘पाम ट्रीज अँड पॉवर लाइन्स’ हा जेमी डॅक यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०२२ साली सनडान्स महोत्सवात अमेरिकी कथापटांच्या विभागात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. दक्षिण कॅलिफोर्नियातलं एक कंटाळवाणं गाव, उन्हाळ्याची सुट्टी आणि सतरा वर्षांची ली. लिली मॅकइनर्नी या नवोदित अभिनेत्रीने ती साकारली आहे. वडील घरात नाहीत, आई स्वतःच्या कामात आणि स्वतःच्या दुःखात. मित्रमंडळी आहेत, पण लीच्या मनात काय चाललंय हे त्यांच्यातलं कुणी विचारत नाही.

एका रात्री ही सगळी एका हॉटेलात खातात आणि बिल न देता पळ काढतात. ली मागे राहते आणि पकडली जाते. तेव्हा एक माणूस मध्ये पडून तिला सोडवतो. त्याचं नाव टॉम, वय चौतीस, म्हणजे बरोबर तिच्या दुप्पट. नंतर ती एकटी चालत निघते, तेव्हा तो आपली गाडी घेऊन येतो आणि घरी सोडू का म्हणून विचारतो. जोनाथन टकर यांनी हा टॉम उभा केला आहे तो पाहण्यासारखा आहे. आवाज मऊ, घाई कसलीच नाही, तोंडावर हसू. तो तिला प्रश्न विचारतो आणि उत्तरं ऐकून घेतो. या मुलीचं बोलणं पहिल्यांदाच कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

पुढे सगळं पायरी-पायरीने होतं. तुझे मित्र पोरकट आहेत, तू त्यांच्यापेक्षा समजूतदार आहेस. तुझ्या आईला तुझी किंमत नाही. माझ्यावर विश्वास आहे ना? एका हॉटेलातली वेटर बाई लीला एकटीला गाठून विचारते, की बाई गं, तू ठीक आहेस ना, काही मदत हवी आहे का. लीला तिचाच राग येतो. टॉम मोटेलच्या खोलीत राहतो, हे कळल्यावरही ली स्वतःची समजूत घालते. आणि एक दिवस तो तिला एका खोलीत दुसऱ्या पुरुषाच्या स्वाधीन करतो. तो पहिल्या दिवसापासून कशासाठी थांबला होता, हे प्रेक्षकाला तेव्हा लख्ख कळतं. ली तिथून निसटते, मैत्रीण तिला घरी आणते. सुटलो म्हणून आपण श्वास सोडतो, आणि शेवटी ली पुन्हा त्यालाच फोन करते.

हा शेवट पाहून मी बराच वेळ तशीच बसून होते. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आठवण झाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचं नाव, गाव, काहीच लिहीत नाही. हुशार, अबोल मुलगी. तिच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली, कागदात गुंडाळलेलं दुसरं सिमकार्ड सापडलं. तिथून सगळं बाहेर आलं. तिशीतला माणूस. पावसात क्लासला सोडायचा, रिचार्ज करून द्यायचा, परीक्षेच्या दिवशी सकाळी आठवणीने मेसेज करायचा. तिची आई शाळेत आली तेव्हा पदराने तोंड पुसत एवढंच म्हणत होती, ‘अहो मॅडम, तो आमच्या घरी येणारा माणूस. माझ्या हातचा चहा प्यायलाय.’ कायद्याप्रमाणे जे करायला हवं होतं ते आम्ही केलं. नंतर कधीतरी मी त्या मुलीला विचारलं, तुला एकदाही काही खटकलं नाही का गं? ती म्हणाली, ‘मॅडम, त्याने कधी आवाजसुद्धा चढवला नाही.’

हे उत्तर मला आजही छळतं, कारण चूक आमची होती. आम्ही वर्गात ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवला, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहिला, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका असं बजावलं. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत, की मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. आम्ही मुलांना दरडावणाऱ्या परक्या माणसापासून सावध केलं. गोड बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना कुणीच दाखवलं नाही.

आता तुमच्या कामाकडे येते. १९९१ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय, की गुन्हेगारांची कार्यपद्धती आणि गुन्ह्याला चिथावणी देतील अशी दृश्यं किंवा शब्द पडद्यावर येऊ नयेत. बालकांवरच्या अत्याचाराची दृश्यं विनाकारण दाखवू नयेत, असंही त्यात आहे. या सूचनांमागचा हेतू मला मान्य आहे. तिजोरी कशी फोडतात हे शिकवणारा सिनेमा नको, हे कुणालाही पटेल. पण फूस लावण्याचा गुन्हा वेगळा आहे. तिजोरी फोडणाऱ्याची पद्धत गुप्त राहिली तर तिजोरीचा मालक सुरक्षित राहतो. फूस लावणाऱ्याची पद्धत गुप्त राहिली तर फायदा फक्त त्याचा होतो. ती त्याला आधीच ठाऊक असते, सिनेमातून शिकावी लागत नाही. ठाऊक नसते ती समोरच्या मुलीला. तिने ती एकदा बाहेरून, खुर्चीत बसून पाहिली, तर तिच्यावर वेळ येईल तेव्हा तिला ओळखू येण्याची काहीतरी शक्यता आहे.

त्याच सूचनांमध्ये असंही सांगितलंय, की चित्रपटाचा विचार सुट्या दृश्यांवरून न करता संपूर्ण चित्रपटाच्या एकंदर परिणामावरून करावा. माझी सगळी विनंती या एका वाक्याच्या आधारावर उभी आहे.

वयाची गोम पाहा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगी असो वा मुलगा. तिची ‘संमती’ कायदा धरत नाही, कारण एवढ्या वयात मोठ्या माणसाचा डाव ओळखणं अवघड असतं. तुमच्या ‘ए’ प्रमाणपत्राची रेषाही अठरालाच आहे. म्हणजे चित्रपटाला ‘ए’ मिळालं, की लीच्या वयाच्या मुलीवर जो गुन्हा होतो, त्याची प्रामाणिक गोष्ट लीच्याच वयाच्या मुलीला चित्रपटगृहात पाहता येत नाही, आई शेजारी बसलेली असली तरीही. तो चित्रपट टीव्हीवरही तसाच येत नाही, आणि आमच्या भागातल्या बहुतेक घरांत सिनेमा पोहोचतो तो टीव्हीवरच.

याउलट नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, ती नाही म्हणत असताना हटत नाही, आणि शेवटी तिचा होकार मिळवतो, असे सिनेमे या मुलांनी लहानपणापासून घरच्यांसोबत बसून पाहिलेत. पाठलाग, वेळी-अवेळीचे फोन, ‘माझ्याशिवाय तुला कोण समजून घेणार’ हे सगळं त्यांना प्रेम म्हणून दाखवलं गेलं. जेमी डॅक यांच्यासारखी दिग्दर्शिका तेच तपशील घेऊन त्यांचा खरा अर्थ उघड करते. मुलांपर्यंत पहिला प्रकार पोहोचतो आणि दुसरा पोहोचत नाही. हे उलट व्हायला हवं.

दुसऱ्या एका देशाचं उदाहरण देते. अँड्रिया अर्नोल्ड यांच्या ‘फिश टँक’ या चित्रपटाला २००९ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. इंग्लंडच्या एसेक्स भागातल्या सरकारी वसाहतीत राहणारी पंधरा वर्षांची मिया, आणि तिच्या आईचा मित्र कॉनर. मियाला नाच करायचा आहे, रिकाम्या फ्लॅटमध्ये ती एकटीच सराव करते. कॉनर तिचं कौतुक करतो, नाच चित्रित करायला आपला कॅमेरा देतो. सहलीला गेल्यावर तो पाण्यात उतरून हाताने मासा पकडतो. तिच्या पायाला कापतं, तर तो जखम बांधून देतो, तिला पाठुंगळी घेतो. बापाची माया कधी न मिळालेली मुलगी त्या पाठीवर गाल टेकवते, तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो. पुढे तो त्या विश्वासाचा गैरफायदा घेतो आणि निघून जातो. त्याला स्वतःची बायको आहे, लहान मुलगी आहे, हे मियाला नंतर कळतं.

ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने या चित्रपटाला ‘१५’ हे प्रमाणपत्र दिलं. त्यात शिव्या आहेत, लैंगिक प्रसंग आहे, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. पण पडद्यावरच्या मियाच्या वयाची मुलगी तिथे तिकीट काढून मियाची गोष्ट पाहू शकली.

आपल्याकडेही आता तशी सोय झाली आहे. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, तीन भाग झाले, ७ अधिक, १३ अधिक आणि १६ अधिक. ‘ए’ चित्रपटाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र देण्याची तरतूदही आली. हे स्वागतार्ह आहे, आणि म्हणूनच पुढच्या तीन विनंत्या करते.

पहिली. आपल्या देशातल्या एखाद्या स्वतंत्र दिग्दर्शकाने मोठ्या माणसाच्या जाळ्यात सापडणाऱ्या मुला-मुलीची गोष्ट प्रामाणिकपणे आणली, तर निव्वळ विषय पाहून ‘ए’ देऊ नका. कॅमेरा मुलीच्या शरीराकडे बघतोय की तिच्या मनाकडे, हे पाहा. मनाकडे बघत असेल तर ‘यूए १६ अधिक’चा विचार आधी करा.

दुसरी. कात्री लावावीच लागली तर मायेच्या, कौतुकाच्या दृश्यांना लावू नका. गाडीतल्या गप्पा, पायाची जखम बांधणं, ‘तू इतरांसारखी नाहीस’ हे वाक्य, यांत आक्षेपार्ह काहीच दिसत नाही, म्हणून ती बिनमहत्त्वाची वाटतात. मुलांनी ओळखायला शिकायचं ते नेमकं हेच.

तिसरी. ‘पाम ट्रीज’मधला खोलीतला प्रसंग मोठ्यांनाही सोसवत नाही. अशा प्रसंगामुळे ‘ए’ द्यावं लागलं तर माझी तक्रार नाही. मात्र कोणत्या दृश्यांमुळे ते दिलं, हे निर्मात्याला नेमकेपणाने कळवा, म्हणजे त्याची इच्छा असेल तर टीव्हीसाठी आणि शाळा-महाविद्यालयांसाठी वेगळी प्रत तयार करता येईल. अशा प्रतीच्या परीक्षणाला बालमानसतज्ज्ञ आणि मुलांसोबत काम करणाऱ्या लोकांना बोलवा. ज्यांनी हे स्वतः भोगलंय त्यांना पूर्वकल्पना मिळावी, म्हणून विषयाची स्पष्ट सूचना सुरुवातीला द्या.

एका आक्षेपाची मला जाणीव आहे. हे पाहून मुलं घाबरतील, माणसांवरचा त्यांचा विश्वास उडेल, असं पालक म्हणतील. शिक्षिका म्हणून मी सांगते, मुलं घाबरतात ती एकटी असताना. सोबतीने पाहिलेल्या गोष्टीवर ती बोलतात, प्रश्न विचारतात. आणि लीचा तो शेवटचा फोन पाहिल्यावर, सुटून आलेली मुलगी पुन्हा त्याच्याकडेच का जाते, हा प्रश्न वर्गात निघेलच. त्यावर अर्धा तास बोललो, तर वर्गातल्या एखाद्या गप्प मुलीला किंवा मुलाला कळेल की आपण वाईट नाही आणि आपल्याला परत येता येतं.

‘यूए १६ अधिक’ या प्रमाणपत्रात सोळाच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी ठरवायचं असतं. मला ही तरतूद सर्वांत जास्त मोलाची वाटते, कारण त्यामुळे आई आणि मुलगी तो सिनेमा शेजारी-शेजारी बसून पाहू शकतील. माझ्या विद्यार्थिनीची आई त्या माणसाला चहा करून देत होती तेव्हा तिलाही काही दिसलं नव्हतं. तिलाही कुणी दाखवलं नव्हतं.



आपली,
एक शिक्षिका