फोटोतले ठिपके आणि पानावरचे ठिपके



गेल्या खरिपात एक गृहस्थ सोयाबीनच्या रोगट पानाचा फोटो छापून घेऊन माझ्याकडे आले. ए-फोर कागदभर पान होते. पण तांबेऱ्याच्या पुटकुळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कागदावर मात्र नुसते तपकिरी फराटे. तांबेरा की जिवाणूंचा रोग, मला सांगता येईना. मग फवारणी तरी कशाची सांगायची? जिवाणूंच्या रोगावर तांबेऱ्याचे औषध मारले तर पैसे पाण्यात!

"साहेब, दुकानदार म्हणाला, प्रिंटर इंचाला ४८०० ठिपके टाकतो."

टाकत असेल. पण बियाणेच कमी असले तर पाभर कितीही चांगली असो, पेरणी विरळच होणार. इथे बियाणे म्हणजे फोटोतले पिक्सेल. हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला, लांबीला १६०० पिक्सेल. तो पावणेबारा इंच कागदावर ताणला की इंचाला उरले जेमतेम १३७. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० हवेत. हाच फोटो पाच इंचांत छापला असता तर पुटकुळ्या बऱ्याच स्पष्ट आल्या असत्या.

मग ते ४८०० कशाचे? ते शाईच्या थेंबांचे. इंकजेटच्या साध्या यंत्रात शाया चारच: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. पानाचा पोपटी रंग उठवायला अनेक थेंब जवळजवळ टाकावे लागतात, म्हणून थेंब पिक्सेलपेक्षा पुष्कळ जास्त लागतात. तेवढे पिक्सेल फोटोत असण्याची गरज नसते.

टाइप केलेल्या अर्जाचे गणित निराळे. अक्षर निव्वळ काळे, रंग मिसळायचा नाही. कडा तेवढ्या स्वच्छ हव्यात. ३०० वर वाचता येते, पण वेलांटीची गोलाई किंचित पायरीपायरीची दिसते. ६०० वर ती सुबक येते. साध्या कागदावर त्यापुढे जाऊन उपयोग नाही, कारण शाई कागदाच्या तंतूंत पसरते. 'ड्राफ्ट' लावून छापले तर शाई वाचते, पण अक्षर फिके पडते. कच्च्या प्रतीला ते चालेल, बँकेत द्यायच्या कागदाला नको.

रोगाचा फोटो छापायचा तर फोटोच्या कागदावर, 'बेस्ट' लावून, सहा बाय चार इंचांत छापा. त्याला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. हल्लीचे मोबाइल त्याहून जास्तच देतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फोटो लहान होत नाही. पानाची खालची बाजूही टिपा. तांबेरा तिथेच जास्त दिसतो. आणि जमले तर ते पानच कागदी पिशवीत घालून घेऊन या.