जिमखान्याचा कॅमेरा आणि आपला खिसा

यंदा जिमखान्याच्या बजेटमध्ये 'फोटोग्राफी साहित्य' या नावाखाली एक रक्कम मंजूर झाली आहे. झाल्याझाल्या कॅन्टीनपासून सी विंगच्या गच्चीपर्यंत एकच चर्चा. डीएसएलआर कुठला घ्यायचा? निकॉन की कॅनन? की सरळ सोनीचा मिररलेस? दोन पार्ट्या पडल्यात आणि मेसमध्ये एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत. पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचाच कशाला, हा प्रश्न कुणीच विचारत नाहीये. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठा कॅमेरा घेऊ नये. खिशात मावणारे, पण जरा मोठ्या सेन्सरचे दोन छोटे कॅमेरे घ्यावेत आणि गॅदरिंगच्या तीन दिवसांसाठी मोठा कॅमेरा भाड्याने आणावा. शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला.

मी मॅगझिन कमिटीत आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आपली जुनी मेस पाडली, हे तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याचं छप्पर, काळी पडलेली चिमणी, दारातला तो वाकडा नळ, सगळं गेलं. या अंकात तिच्यावर दोन पानं द्यावीत असं ठरलं आणि आम्ही फोटो शोधायला बसलो. कमिटीच्या हार्ड डिस्कमध्ये 'प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलन करताना' हा फोटो सर्व वर्षांचा, सर्व कोनांतून आहे. पाहुणे बदलतात, समई तीच. मेसचा मात्र एकही फोटो नाही. एका क्रिकेट टीमच्या मागे छपराचा कोपरा दिसतो, तेवढाच. ज्या जागेत चार वर्षं रोज दोन वेळा आपण जेवलो, वाढदिवसाला मार खाल्ला, केटीचे निकाल ऐकले, त्या जागेचा कॉलेजकडे पुरावा नाही.

कॉलेजकडे कॅमेरा नव्हता का? होता की! चांगला डीएसएलआर, बॅगेसकट. तो एका स्टीलच्या कपाटात असतो. किल्ली सरांकडे, सरांना अर्ज, अर्जावर एचओडींची सही. यात सरांचा दोष काढायचा नाहीये. एवढी महागडी वस्तू ज्याच्या नावावर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढली आहे, तो माणूस ती कुलपातच ठेवणार. मीही ठेवली असती. मोठा कॅमेरा 'प्रसंगाला' बाहेर निघतो, आणि मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी हा काही प्रसंग नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, ते सगळं खरं, पण क्वालिटीचं काय? आपण इंजिनिअरिंगची माणसं. चला, आकडेच मांडू.

नव्याने फोटोग्राफीला लागणारा माणूस जो सेट घेतो तो साधारण ठरलेला. उदाहरणार्थ निकॉन डी३५००, हा २०१८ साली आलेला डीएसएलआर, आणि त्याच्यासोबत १८-५५ मिमीची किट लेन्स. दोन्ही मिळून सहाशे ग्रॅमच्या वर वजन. त्याच्यासमोर सोनीचा आरएक्स१०० ठेवू. तो २०१२ साली आला, बॅटरीसकट २४० ग्रॅम, जीन्सच्या खिशात जातो. डीएसएलआरचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिमी. आरएक्स१०० चा १३.२ × ८.८, म्हणजे ११६. (याला 'एक इंची' सेन्सर म्हणतात, पण मोजायला गेलात तर इंच कुठेच सापडत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं हे नाव आहे.) तिप्पट मोठा सेन्सर! संपलं की सगळं, असं वाटतं.

पण थांबा. सेन्सरवर प्रकाश येतो तो लेन्सच्या छिद्रातून, आणि छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. किट लेन्स १८ मिमीला जास्तीत जास्त एफ/३.५ उघडते. १८ भागिले ३.५, म्हणजे ५.१ मिमी. आरएक्स१०० ची लेन्स तेवढंच दृश्य १०.४ मिमीला पकडते, कारण सेन्सर छोटा, पण ती उघडते एफ/१.८. भागाकार करा. ५.८ मिमी! समोरचं दृश्य जवळजवळ तेच, आणि छोट्या कॅमेऱ्याचं भोक मोठं. क्षेत्रफळ काढलं तर सव्वापट प्रकाश. म्हणजे खोलीत, मेसमध्ये, पोर्चमध्ये, जिथे आपण थोडं मागे सरकून चार मित्र एका चौकटीत बसवतो, तिथे खिशातला कॅमेरा किट लेन्सवाल्या डीएसएलआरच्या मागे नाही. झूम करत गेलं की चित्र उलटतं. किट लेन्सचं ५५ मिमीला छिद्र ९.८ मिमी होतं, आरएक्स१०० चं झूमच्या टोकाला साडेसातच्या आसपास राहतं. तिथे डीएसएलआर पुढे, मान्य. पण 'तिप्पट' वगैरे काही नाही.

मेगापिक्सेलचा वाद तर बादच करा. या मॅगझिनचं एक पूर्ण पान, ए-फोर, ३०० डीपीआयने छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. आरएक्स१०० चे वीस आहेत.

मग मोठ्या कॅमेऱ्याची खरी ताकद कशात? लेन्स बदलण्यात! त्याच डीएसएलआरला ५० मिमी एफ/१.८ ची स्वस्तातली लेन्स लावा, छिद्र होतं २७.८ मिमी. ७०-२०० एफ/२.८ लावा, २०० मिमीला छिद्र ७१ मिमी. गॅदरिंगच्या अंधाऱ्या स्टेजवर शेवटच्या रांगेतून नाटकातल्या नटाच्या डोळ्यातलं पाणी टिपायचं असेल तर खिशातल्या कॅमेऱ्याने हात जोडावेत. पक्षी, क्रिकेट, कबड्डी, तिथेही तेच. हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण भरून काढत नाही. कारण तो भूमितीचा आहे.

प्रॉब्लेम असा आहे, की ती दुसरी लेन्स येतच नाही. माझ्या विंगमध्ये डीएसएलआर आणि मिररलेसवाले आहेत. बहुतेकांच्या कॅमेऱ्याला पहिल्या दिवशी जी लेन्स लागली ती आजही तिथेच आहे. एकाच्या फोल्डरची एक्झिफ माहिती आम्ही एका रात्री सबमिशन टाळायला म्हणून चाळली. फोटो एक तर १८ मिमीला काढलेले, नाहीतर ५५ ला. मधलं फारसं काही नाही. म्हणजे हा प्राणी दोन कप्प्यांचं झूम वापरतोय! लेन्स बदलायची सोय म्हणजे घराला ठेवलेलं दुसरं दार. त्यातून कुणी येत-जात नसेल तर त्याच्या कड्या-कोयंड्याचे पैसे कशाला मोजायचे?

बरं, ज्यांच्याकडे दुसरी लेन्स आहे त्यांची कथा वेगळी. राजगडावर सुवेळा माचीवर भणाण वारा असताना लेन्स बदलून बघा. उडणारी माती आधी सेन्सरवर बसते आणि मग प्रत्येक फोटोतल्या आकाशात तोच ठिपका. त्यात आपला पावसाळा. हॉस्टेलच्या खोलीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुटांवर बुरशी येते, ती लेन्सवर का येणार नाही? (छोट्या कॅमेऱ्याच्याही लांब होणाऱ्या नळीतून धूळ शिरते, तो काही अमृत पिऊन आलेला नाही. पण निदान त्याचं पोट कुणी डोंगरावर उघडत नाही.)

'सिरियस' फोटोग्राफी छोट्या किंवा एकाच लेन्सच्या कॅमेऱ्याने होत नाही, असं एक सिनिअर मला म्हणाला. त्याला होमाई व्यारावाला माहीत नव्हत्या. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलिफ्लेक्स, ज्याची लेन्स निघतच नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या लायकाची लेन्स बदलता यायची, तरी हा माणूस आयुष्यभर प्रामुख्याने ५० मिमी लावून फिरला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येच्या थोडं आधी त्याने त्यांचे फोटो काढले. आणि जपानचा दाइदो मोरियामा रिकोच्या जीआर नावाच्या खिशातल्या कॅमेऱ्याने रस्ते पालथे घालतो. यावरून छोटा कॅमेरा घेतला की आपण मोरियामा होतो असं नाही. पण सिनिअरचा मुद्दा निकालात निघतो.

आता सगळ्यात जड आक्षेप. "अरे, मोबाईल आहे ना! कॅमेराच कशाला?" या आक्षेपाला मी मनापासून घाबरतो, कारण तो बराचसा बरोबर आहे. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तो साडेतीन किलोच्या वर होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. तिथून जग इथवर आलं, की २०१० मध्ये वर्षाला सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडत होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मधले सगळे मोबाईलने खाल्ले, आणि त्यात सर्वांत जास्त मेले ते छोटेच कॅमेरे. योग्यच झालं. आपल्या वडिलांच्या कपाटात जे चंदेरी डिजिकॅम पडलेत, त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर जेमतेम २८ चौरस मिमीचा. (हल्ली तेच कॅमेरे शोधून काढून 'व्हिंटेज लुक' म्हणून मिरवायची फॅशन आहे. मिरवा बापडे. फ्लॅशने डोळे लाल आलेले फोटो आमच्या लहानपणीच्या अल्बममध्ये ढीगभर आहेत.) चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर आज त्याहून मोठा असतो, आणि तो क्षणात सात-आठ फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो ते वेगळंच.

म्हणून स्वतःच्या खिशातून, म्हणजे खरं तर वडिलांच्या, पैसे घालणाऱ्याला माझा सल्ला: आधी काहीच घेऊ नकोस. मोबाईलवर सहा महिने काढ. नेमकं काय अडतंय हे एका वाक्यात सांगता आलं, तर त्या वाक्यातच कॅमेऱ्याचं उत्तर असतं. "लांबचे पक्षी येत नाहीत" असं असेल तर मोठाच घे, आणि लेन्ससाठी बॉडीपेक्षा जास्त पैसे बाजूला ठेव. "भारी दिसत नाही" असं असेल तर घेऊच नकोस. सेकंडहँड घ्यायला मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात जाणार असशील तर एक ध्यानात ठेव. निकॉनच्या २००६ च्या डी४० पासून पुढच्या स्वस्त बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिमी 'डी' लेन्स त्यांच्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो.

पण जिमखान्याचं गणित वेगळं आहे. मोबाईलमधला फोटो त्या मुलाचा असतो, कॉलेजचा नाही. तो ग्रुपवर येतो तेव्हा पिळून पिळून एवढासा झालेला असतो, आणि मुलगा पास आउट झाला, मोबाईल बदलला, की संपला. जुन्या मेसचे फोटो कुणीच काढले नसतील असं नाही. काढले असणारच. ते कुठल्या तरी बंद पडलेल्या हँडसेटमध्ये, कुठल्या तरी शहरात, ड्रॉवरमध्ये आहेत. कमिटीचा कॅमेरा असला की कार्ड दर शनिवारी कमिटीच्या डिस्कवर उतरतं, काढणारा कोण का असेना.

म्हणून दोन छोटे कॅमेरे. एक मुलांच्या हॉस्टेलला, एक मुलींच्या. लायब्ररीच्या पुस्तकासारखे तीन दिवसांना इश्यू करायचे, लेट झाला तर फाइन. कुणालाही द्यायचा, 'फोटोग्राफर' असण्याची अट नाही. फर्स्ट इयरच्या पोराला पहिल्या महिन्यात हॉस्टेल जसं दिसतं तसं आम्हाला आता दिसत नाही, म्हणून त्याला तर आधी द्यायचा. हरवेल, पडेल, चहा सांडेल, हे गृहीत धरा. कुलपातल्या डीएसएलआरवर चहा कधीच सांडला नाही, त्याचा आपल्याला काय उपयोग झाला? गॅदरिंगसाठी पुण्या-मुंबईत मोठी बॉडी आणि ७०-२०० दिवसाच्या भाड्याने मिळते. तीन दिवस आणायची, मनसोक्त वापरायची, परत करायची. बुरशीची काळजी त्यांची.

स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. हे कॅमेरे डेडस्टॉकला एका व्यक्तीच्या नावावर न चढवता हॉस्टेल ऑफिसच्या नावावर चढवता येतील का, ते बघावं. सगळं घोडं तिथेच अडतं. बाकी रबरी झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या केमिस्ट्री लॅबमधून मिळतील असं लॅब असिस्टंट काकांनी कबूल केलंय. रजिस्टर ठेवायला रेक्टर सर तयार आहेत. नवीन मेसच्या मागे ते जुनं पिंपळाचं झाड अजून उभं आहे, पण पार्किंगच्या प्लॅनमध्ये त्याच्या जागी पेव्हर ब्लॉक दाखवलेत. कॅमेरा आला की पहिला इश्यू माझ्या नावावर लिहा.