पालकांची सही नव्हे, सत्ता हवी

शाळेच्या दारात कष्टकरी पालक आजही याचकासारखा उभा असतो. मुलाविषयीची तक्रार ऐकण्यासाठी आईला बोलावणे येते. तिचा रोज बुडतो आणि पदरी पडतो तो ‘घरी अभ्यास घ्या’ हा उपदेश. तिची तक्रार मात्र कोणी ऐकत नाही. वस्तुतः २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही या समितीची कामे होत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तयार इतिवृत्तावर सही घेतली की पालकांचे काम संपते.

यात शिक्षकाला शत्रू मानणे चूक ठरेल. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज अशैक्षणिक कामे त्याच्यावर लादू नयेत, असे कलम २७ बजावते. ती लादणारे सरकारच वर्ग ओस पाडते. तेव्हा पालक व शिक्षक यांचा लढा एकच आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील शाळेच्या समितीची पुढील बैठक कधी आहे हे विचारावे, पालकांना तिथे न्यावे आणि खर्चाचा हिशेब मागावा. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागितलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण कायद्यात आले. ते वर्गात आणणे आपल्या हाती आहे.