विश्लेषण : ‘संशयित दिसतो’ म्हणजे नेमके काय?

सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, एवढेच निमित्त. चौकशीत ते खरेच साधू निघाले. प्रकार गैरसमजातून घडला, असे सांगण्यात आले.

हा गैरसमज होता का?

एसटी तीन नंबरच्या फलाटावर लागेल असे वाटले आणि ती पाचवर लागली, तर तो गैरसमज. चूक कळली की संपतो. माणसांविषयीचे साचेबद्ध मत असे संपत नाही, ते पुराव्याचाच अर्थ फिरवते. अनोळखी माणूस गप्प राहिला तर काहीतरी लपवतोय, बोलला तर थापा मारतोय आणि घाबरून पळाला तर मग कबुलीच! निर्दोष ठरायला त्याला वाटच उरत नाही.

‘खरे साधू’ निघाले म्हणून हळहळणे त्यामुळेच खटकते. ते साधू नसते, तर मारहाण योग्य ठरली असती का? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे याच अफवेने भटक्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जीव घेतला. दारोदार फिरणे हीच त्यांची रोजीरोटी आणि नेमके तेच संशयाचे कारण.

शिक्का आला कुठून?

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. माणसाने काय केले यापेक्षा तो कुणाच्या पोटी जन्मला, हे पाहून पोलिसांची हजेरी मागे लागू लागली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्येच हजेरीची पद्धत बंद केली होती. देशात हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात वाढलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचे जगणे घरोघरी वाचले गेले. गावात चोरी झाली की आधी माळावरच्या पालांकडे बघण्याची सवय मात्र गेली नाही.

शंका आल्यास हात न उचलता 112 वर फोन करा, हा सल्ला योग्यच. पण येणाऱ्या पोलिसाच्या मनातही तोच साचा असू शकतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना त्याच निकालात बजावावे लागले. कायदा रद्द होऊन 72 वर्षे झाल्यावर.