किरायदाराचं घर कोणत्या यादीत?

घरकुल हा शब्द माहीत नाही असं एकही गाव यवतमाळ जिल्ह्यात सापडायचं नाही. इंदिरा आवास योजना 1985-86 साली सुरू झाली. 2016 साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. जोडीला अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि 2023 पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. कुडाच्या जागी विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, हे नाकारण्याचं काहीच कारण नाही. पण या सगळ्या याद्यांतून एक माणूस हमखास निसटतो. तो म्हणजे गावात किरायाने राहणारा.

खेड्यात किरायाने कोण राहतं, असं कुणी साहेब विचारील. राहतात की! जिनिंगवर हंगामभर राबणारा राहतो. वणीकडच्या खाणपट्ट्यात रोजंदारी करणारा राहतो. पोरांची शाळा व्हावी म्हणून तांडा किंवा पोड सोडून सडकेवरच्या मोठ्या गावात आलेलं कुटुंब राहतं. सालदार तर मालकाच्याच वावरातल्या खोलीत राहतो. तो किराया पैशाने देत नाही, घामाने देतो. पण साल मोडलं की घर मोडलं.

आता या माणसाने घरकुल मागायचं ठरवलं तर काय होतं? प्रधानमंत्री आवासची मूळ यादी 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून झाली. पुढे 2018-19 ला आणि 2024 नंतर नवी सर्वेक्षणं झाली. पण पहिली चाळणी बदलली नाही. ती विचारते, तुम्ही राहता ते घर कसं आहे? भिंत पक्की की कच्ची, छप्पर कशाचं, खोल्या किती? ते घर कुणाचं आहे, हा प्रश्न या चाळणीत मागेच राहतो. मालकाच्या सिमेंटच्या खोलीत किराया भरून राहणारा मजूर कागदावर पक्क्या घरात राहणारा ठरतो आणि बाद होतो. उलट स्वतःच्या जागेवर कच्चं घर असलेला पात्र ठरतो. त्याला मिळालं याचं आम्हाला दुःख नाही. पण ज्याच्यापाशी कच्चंही नाही, त्याला पक्क्या घरातला म्हणायचं, हा कोणता न्याय?

2024 मध्ये केंद्राने अटी सैल केल्या. दुचाकी, फ्रीज, लँडलाइन फोन या अटी काढल्या आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार केली. चांगलं झालं. पण परक्याच्या छपराची अट तशीच राहिली.

दुसरं लफडं कागदाचं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरमालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याचाही रकाना असतो. किरायदाराचं नाव तिथे यायला पाहिजे. पण बहुतेक उताऱ्यांवर त्या रकान्यात ‘स्वतः’ एवढंच लिहिलेलं दिसतं. मालक नाव लावू देत नाही, कारण विदर्भात 1958 च्या कूळकायद्याची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. तो कायदा शेतजमिनीचा, पण घरमालकालाही वाटतं की लिहून दिलं तर हा उद्या हक्क सांगेल. म्हणून करारनामा नाही, किरायाची पावतीही नाही. सगळा व्यवहार तोंडी.

त्यात राशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव जुन्या गावी, राहणं नव्या गावी. इकडचा म्हणतो, तुमचं नाव तिकडे आहे, तिकडे जा. तिकडचा म्हणतो, तुम्ही गावात राहतच नाही. आई जेऊ घालीना अन् बाप भीक मागू देईना, अशी गत. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला 1950 चा आणि विमुक्त-भटक्यांना 1961 चा पुरावा लागतो, तो वेगळाच. जो दर दोन वर्षांनी खोली बदलतो, त्याच्याकडे आजोबाचा दाखला जपून ठेवलेला कसा असणार?

तिसरी अडचण जागेची. रमाई असो की शबरी, बांधायला स्वतःची जागा लागते. सरकारनेच यावर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना काढली. त्यात आधी 50 हजारांपर्यंत मदत होती, पुढे ती 1 लाखांपर्यंत नेली. पण हा पैसा कुणाला? ज्याचं नाव घरकुलाच्या यादीत आहे त्याला. यादीतच नसलेल्या किरायदाराला ती योजना असून नसल्यासारखी.

गंमत अशी, की शहरासाठी हेच सरकार वेगळा प्रश्न विचारतं. शहरी आवास योजनेत देशात कुठे तुमच्या नावावर पक्कं घर आहे का, हे पाहतात. म्हणजे यवतमाळ किंवा पुसद शहरातला किरायदार अर्ज करू शकतो, आणि दहा कोसांवरच्या खेड्यातला तसाच माणूस चाळणीतच अडकतो. जर्मनीसारख्या देशात तर किरायदाराला नगरपालिका पात्रतेचा दाखलाच देते. कुटुंबात माणसं किती आणि कमाई किती एवढं पाहून तो मिळतो, साधारण वर्षभर चालतो, आणि तो दाखवून सरकारी मदतीचं स्वस्त घर किरायाने घेता येतं. दाखला मिळाला म्हणजे लगेच घर मिळालं असं तिथेही नाही, मोठ्या शहरांत रांगा आहेतच. पण निदान रांगेत उभं राहायचा हक्क तर कागदावर येतो.

आमचं मागणं फार मोठं नाही. सर्वेक्षणात ‘राहते घर कुणाच्या मालकीचे’ हा प्रश्न पात्रतेसाठी धरा. नमुना 8 मधला भोगवट्याचा रकाना खरा भरा, आणि त्याने मालकीला धक्का लागत नाही हे ग्रामसभेत मालकांना समजावून सांगा. किरायदाराला बेघर असल्याचा दाखला ग्रामसभेच्या ठरावाने द्या. पंचायत समितीने दोन गावांच्या मधे लोंबकळणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवावी.

किरायदार भावांनाही सांगणं आहे. तोंडी विचारून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ज्या गावात राहता तिथल्या मतदार यादीत आणि राशनकार्डावर नाव आणा. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते, त्या दिवशी मजुरी बुडाली तरी हजर राहा, आणि नाव वगळलं तर का वगळलं ते लिहून मागा. त्यावर अपील करता येतं.

1 लाख 20 हजारांत घर कसं उभं राहतं, हा वेगळा लेख होईल. आज प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ज्याला घर नाही त्याला घर नाही, एवढं तरी सरकारने लिहून द्यावं.