बिद्री परिसरातील किराणा दुकानदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, कोल्हापूर

विषय : संयुक्त खरेदी, खेळते भांडवल व समान घाऊक दर मिळण्याबाबत.

महोदय,

बिद्री, मुदाळ तिट्टा आणि आसपासच्या गावांतील किराणा दुकानदारांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. साखळी सुपरमार्केट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. महिन्याचा बाजार भरायला कोल्हापूरला जाणारी माणसे आमच्याच गल्लीतली आहेत आणि त्यांचे चार पैसे वाचत असतील तर ते वाचलेच पाहिजेत. पण तो स्वस्त भाव कशातून येतो हे आम्ही नीट पाहिले. त्यातले बरेच काही बिद्रीतही जमण्यासारखे आहे.

डी-मार्टचेच पाहा. राधाकिशन दमाणी यांनी 2002 साली पवईत पहिले दुकान काढले. त्याआधी त्यांनी नवी मुंबईत अपना बाजारची फ्रँचायझी चालवून हा धंदा समजून घेतला होता. अपना बाजार ही 1948 साली मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीतून उभी राहिलेली ग्राहक सहकारी संस्था. आज चारशेहून अधिक दुकाने असलेल्या साखळीने सुरुवातीचे धडे सहकारातच गिरवले, हे सहकार खात्याने लक्षात घ्यावे. पुढचे गणितही सरळ आहे. दुकानांच्या जागा बहुतांशी स्वतःच्या, म्हणून भाड्याचा बोजा कमी. पुरवठादाराचे पैसे बाजाराच्या रिवाजापेक्षा लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात खरेदीत सूट घ्यायची. गिऱ्हाइकाला उधारी नाही. मार्च 2017 मध्ये या कंपनीने शेअर बाजारातून 1,870 कोटी रुपये उभे केले. आम्हाला लाख-दोन लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी राहते घर तारण ठेवावे लागते.

आमचा पैसा मात्र उधारीच्या वहीत अडकतो. आमची बहुतेक गिऱ्हाइके ऊस उत्पादक शेतकरी. उसाचे पैसे ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण हंगाम संपल्यावर पुढच्या गळितापर्यंत घरात पैसा यायचा कुठून? त्याच दिवसांत पेरणी, खते, मुलांची वह्या-पुस्तके आणि गौरी-गणपती येतात. वहीचे एक पान उघडले तर जूनमधला तेलाचा डबा, जुलैतली चहापूड, श्रावणातला गूळ-शेंगदाणा एकाखाली एक दिसतात आणि जमेची बाजू उसाच्या पहिल्या उचलीपर्यंत कोरी राहते. या उधारीवर आम्ही व्याज लावत नाही. पावसाळाभर शेतकऱ्याची चूल पेटती ठेवण्याचे हे काम कोणतीही साखळी करीत नाही, आणि बँकाही त्याची दखल घेत नाहीत. म्हणून पहिली मागणी भांडवलाची. जुलै 2021 पासून किरकोळ व्यापाराला प्राधान्य क्षेत्र कर्जासाठी लघुउद्योगांत धरले आहे. त्या आधारे जिल्हा मध्यवर्ती बँकेमार्फत उधारीच्या वहीवर खेळते भांडवल द्यावे आणि परतफेडीचे हप्ते नोव्हेंबर ते एप्रिल या काळात बसवावेत.

दुसरी मागणी साखरेची, आणि ती आम्हाला सर्वांत जवळची आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आमच्या गावात. साखर इथे तयार होते, आम्ही मात्र ती कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून आणतो. पोते इथून जाते आणि टेंपोभाडे, हमाली, मधल्या व्यापाऱ्याचा नफा अंगावर घेऊन त्याच रस्त्याने परत येते. हा फेरा गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. केंद्राचा महिन्याचा विक्री कोटा आणि फेब्रुवारी 2019 पासूनचा किलोला 31 रुपयांचा किमान विक्री दर यांची चौकट आम्हाला मान्य आहे. त्या चौकटीत राहून कारखान्यांनी स्थानिक दुकानदारांच्या संयुक्त संस्थेला लहान लॉटमध्ये रोखीने साखर द्यावी, असे धोरण शासनाने ठरवावे.

अशी संस्था उभी करणे ही तिसरी मागणी. कोल्हापूर जिल्ह्याला हे नवे नाही. शेतकरी सहकारी संघ 1939 पासून आहे. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात वारणा बाजार निघाला आणि गावोगावी त्याच्या शाखा झाल्या. आमच्या संस्थेची नोंदणी वेळेत व्हावी, शासनाने भागभांडवलात सुरुवातीचा वाटा घालावा आणि परिसरातले एखादे वापरात नसलेले सरकारी वा सहकारी गोदाम माफक भाड्याने मिळावे.

चौथी मागणी घाऊक दराची. वितरक आम्हाला साबणाचा पुडा ज्या भावाने घालतो, त्याहून कमी भावात तोच पुडा साखळी दुकानात एखाद्या सुट्या गिऱ्हाइकाला मिळतो. डिसेंबर 2021 मध्ये देशभरातील वितरकांच्या महासंघानेही याच कारणाने कंपन्यांना असहकाराचा इशारा दिला होता. जास्त मालाला जास्त सूट हा व्यापाराचा नियम आम्हीही पाळतो. पण आमची संस्था तेवढाच माल तेवढ्याच रोखीने उचलणार असेल, तर तिला तोच दर मिळालाच पाहिजे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी कंपन्यांचे प्रतिनिधी, वितरक आणि दुकानदार यांची एकत्र बैठक लावावी.

आमच्या बाजूने आम्ही लेखी हमी देतो : संस्थेतून उचललेल्या मालाचे पैसे आठ दिवसांत भरू, प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देऊ, आणि खरेदीत वाचलेला पैसा भावात उतरवू. दर दुकानाबाहेरच्या फलकावर लिहू, म्हणजे कुणालाही ते पडताळता येतील.

येत्या गळीत हंगामापूर्वी वरील मागण्यांवर चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
बिद्री परिसरातील किराणा दुकानदार