भाडे आमचे, आवाज कुणाचा?

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी किनारपट्टीवरील बार आणि पबमधल्या ‘डीजे संस्कृती’चा तीव्र निषेध करणारा ठराव मांडला. भाषण जोरदार झाले. मराठी संस्कार, भजनी परंपरा, तरुण पिढीचा ऱ्हास, सगळे आले. टाळ्या पडल्या, ठराव एकमताने संमत झाला. नंतर चहाच्या टेबलापाशी, मघाशी सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन विचारू लागले, “अहो, भाडेकरूकडून भाडे थेट खात्यात जमा करून घ्यायचे तर बँकेत काय द्यावे लागते?” त्यांचे वडिलोपार्जित घर बार्देशात आहे. त्याच्या तळमजल्यावर बार आहे. तेथे दर शुक्रवारी आणि शनिवारी डीजे असतो.

वाचकहो, हे मी त्या गृहस्थांची चेष्टा करण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्यासारखे आपल्यात पुष्कळ आहेत. बारसाठी डीजे ठेवतो बार चालवणारा. तो बहुधा बाहेरचा असतो आणि त्याच्यावर बोलायला आपल्याला आवडते. पण त्याला जागा दिली कुणी? आम्ही. पंचायतीचा ना-हरकत दाखला दिला कुणी? आम्ही निवडून दिलेल्या पंचांनी. आणि आपल्या गेल्या स्मरणिकेचे मलपृष्ठ कुणाच्या जाहिरातीने सजले होते? तो धनादेश माझ्याच काउंटरवर जमा झाला, म्हणून मला ठाऊक आहे. आतल्या पानावर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यावरचा लेख आणि मागे ‘लेडीज नाइट’! यावर एकाही सभासदाचे पत्र आले नाही.

आता हा व्यवहार होतो कसा, ते पाहू. बारवाला डीजे दोन प्रकारे ठेवतो. एक महिन्याच्या ठरावीक रात्रींसाठी बांधून घेतलेला. त्याला ‘रेसिडेंट’ म्हणतात. दुसरा एका रात्रीपुरता आलेला पाहुणा. पाहुण्याला काही रक्कम आगाऊ, उरलेली त्या रात्री, शिवाय प्रवास, राहणे, जेवण. बोलणी बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच होतात. मिक्सर कोणता हवा, स्पीकर किती वॅटचे, पोस्टरवर नाव किती मोठे, हे सारे त्यात बारकाईने ठरते. इन्स्टाग्रामवर मागे किती लोक आहेत, हेही विचारले जाते. किंबहुना तेच आधी विचारले जाते. आवाज किती वाजता थांबणार आणि भिंतीबाहेर किती जाणार, एवढेच तेवढे ठरत नाही. कारण भिंतीबाहेर जो राहतो तो या बोलण्यांत कुठेच नसतो. करारात दोन पक्ष, भोगणारा तिसरा. वाणिज्य शाखेत आम्हाला असा करार कुणी शिकवला नव्हता.

डीजेला शिव्या देऊन मोकळे होणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, या सगळ्यात तो पोरगा सर्वांत कमी दोषी आहे. यंत्रावर हात त्याचा असतो, पण त्याच्या खांद्यावर हात मालकाचा असतो. गल्ला मंद दिसला की मॅनेजर येऊन कानात सांगतो, “वाढव.” न वाढवावे तर पुढच्या शनिवारी दुसरा येतो. ठरलेले पैसे बुडाले तर दाद मागायला त्याच्याकडे सही केलेला कागद नसतो. रात्रीच्या मैफलीला कलावंत ठरवण्याची रीत आपल्या घरांना काही नवी नाही. ज्या गायिकांची नावे आज आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, त्या ज्या कलावंत समाजातून आल्या, त्यांना बैठकीला बोलावणारी घरे पंगतीला शेजारी बसवत नव्हती. तेव्हा ‘पैसे टाकून वाजवून घेणे’ हा प्रकार डीजेबरोबर गोव्यात आला, असे निदान आपण तरी म्हणू नये.

कायदा काय सांगतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. अपवाद आणीबाणीचा आणि बंदिस्त जागेत आतल्या आत वापरण्याचा. लोकवस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नव्हे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, ३० वाढले की हजारपट. ‘थोडासाच जास्त आहे हो’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या विषयावर सविस्तर निकाल दिला. हणजूण-वागातोरच्या रात्रींबद्दल उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने यंत्रणेला वारंवार सुनावले आहे. कागद कमी पडलेले नाहीत.

मोजणीतही एक मेख आहे. पोलीस किंवा मंडळाचा माणूस यंत्र घेऊन येतो तेव्हा मोजमाप साधारणतः कानाच्या कलाने लावलेले असते आणि त्यात खर्जाचे आवाज बरेच कमी धरले जातात. डीजेचा सारा भर तर त्या खर्जावर! त्याच्या मोठ्या लाटा चिऱ्याची भिंत आणि मंगलोरी कौले यांना जुमानत नाहीत. आकडा मर्यादेजवळ दिसतो आणि इकडे कपाटातली भांडी थरथरत असतात. तक्रार करणारी म्हातारी मग खोटी ठरते. माझ्या शेजारी अशी एक म्हातारी आहे. ती आता तक्रार करत नाही; शनिवारी मुलीकडे फोंड्याला जाते. स्वतःच्या घरातून दर आठवड्याला निर्वासित!

बँकेत राहून आणखी एक गोष्ट दिसते. नाव कुणाचेच घेणार नाही, तो आमचा धर्म आहे. पण बारच्या कर्जाबरोबर येणाऱ्या कोटेशनांत साउंड सिस्टीमचे कोटेशन हमखास असते. आवाज आत अडवण्याच्या कामाचे कोटेशन मी फार क्वचित पाहिले. कुणी दाखवलेच तर भिंतीवर स्पंज चिकटवण्याचे. तो स्पंज आतला प्रतिध्वनी मारतो, बाहेर जाणारा आवाज अडवत नाही. त्यासाठी जड भिंत, दुहेरी दार आणि बंद फटी लागतात. वर स्वस्तातला स्पंज आगीला आयते सरपण. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जीव गेले. त्यांत बहुसंख्य तेथे राबणारे कर्मचारी होते, पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेले. त्यानंतर चार दिवस आपण सगळे परवान्यांविषयी बोलत होतो. मग? मग पुन्हा भाडे वाढवण्याविषयी बोलू लागलो.

गंमत अशी की आत वाजणारे गाणे कुणाचे, याचा हिशेब चोख ठेवला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधीला आणि लग्नाला सवलत आहे, बारला नाही. तेथे हक्कधारकांचा परवाना घ्यावाच लागतो. गाण्याला मालक आहे. शेजाऱ्याच्या झोपेला नाही.

आता ज्या आक्षेपाची मी वाट पाहत आहे, त्याकडे वळतो. “आपल्या जत्रांचे काय? नाटक पहाटेपर्यंत चालते, दशावतारी काला मध्यरात्रीनंतर रंगतो. तेव्हा कुठे जातो तुमचा नियम?” आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही रात्री बारापर्यंतच, राज्य सरकार सवलत देऊ शकते. बारानंतर आपला भोंगाही बेकायदाच. जत्रा वर्षातून एकदा येते, गाव स्वतः तेथे बसलेला असतो, बार मात्र वर्षभर चालतो, हा फरक मला मान्य आहे. पण तेवढ्यावर सुटका नको. भोंगा मंडपाच्या बाहेर, झाडावर, शेजारच्या वाड्याकडे तोंड करून कशासाठी? जुन्या लोकांनी नाटके पेट्रोमॅक्सच्या उजेडात, उघड्या गळ्याने केली. घुमट आरतीला तर आजही माइक लागत नाही. लावतात ते हौस म्हणून. आपण आपला भोंगा खाली उतरवला, तरच बारवाल्यासमोर उभे राहताना मान वर राहील. नाहीतर तो हसून म्हणेल, तुमचे ते संगीत आणि आमचा तो गोंगाट होय?

आणि म्हणूनच त्या दिवशीच्या ठरावाला मी हात वर केला नाही. काहींनी ते पाहिले, एक-दोघांनी बोलूनही दाखवले. डीजे वाईट, बार वाईट, पिढी वाईट, असा ठराव करायला कवडी खर्च येत नाही. तरुणांनी शनिवारी नाचावे, मला त्याचे काहीही वाटत नाही. मीही कॉलेजात असताना कार्निव्हलला नाचलेलो आहे. प्रश्न बंद दाराचा, वेळेचा आणि सहीचा आहे. मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून आपण १९८७ च्या कायद्यापूर्वी आणि नंतरही रस्त्यावर उतरलो. गावात कोणती भाषा चालावी यासाठी भांडणारे आपण, गावात रात्री काय चालावे हे ठरवणाऱ्या ग्रामसभेला मात्र जात नाही. गेलो तर मागच्या बाकावर बसतो आणि घरी येऊन म्हणतो, “आमकां कितें पडलां?”

तेव्हा पुढच्या बैठकीत मी माझा ठराव मांडणार आहे. ज्या सभासदाची जागा बार वा पबला भाड्याने दिलेली आहे, त्याने नव्या करारात तीन गोष्टी घालाव्यात: संगीत दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीतच वाजेल; यंत्रणेला आवाज रोखणारे उपकरण बसवून त्याची किल्ली डीजे किंवा मॅनेजरकडे राहणार नाही; आणि डीजेशी लेखी करार होईल, ज्यात थांबण्याची वेळ नमूद असेल आणि ती पाळल्याबद्दल त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. दोनदा भंग झाला की भाडेकरार संपला. बाहेर पडायचे दुसरे दार नसेल, तर करारच नको. या अटी न घालणाऱ्या जागेतील बारची जाहिरात मंडळाची स्मरणिका घेणार नाही. गेल्या वर्षीच्या मलपृष्ठाचे पैसेही परत करावेत, असे माझे मत आहे. तेवढी रक्कम सभासदांत वर्गणी काढून उभी राहू शकते. माझा वाटा मी आधीच बाजूला ठेवला आहे.

भाडे थोडे कमी येईल, हे उघड आहे. किती, ते ज्याचे त्याने काढावे. ठरावाचा मसुदा कार्यालयात दिला आहे. त्यावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा हे लिहीपर्यंत रिकामी आहे.